कन्व्हर्टर घेण्याआधी: सिरियल यंत्र नेटवर्कला जोडताना कोणता प्रोटोकॉल निवडाल?

साखर कारखान्याच्या फाटकाजवळचा वजनकाटा, वर्कशॉपमधलं वीस वर्षांचं सीएनसी, पॅनलमध्ये ओळीने बसवलेले ऊर्जा मीटर. ही यंत्रं अजून बरीच वर्षं काम देतील. अडचण एकच आहे. त्यांची माहिती बाहेर येते ती मागच्या सिरियल पोर्टमधून, आणि ऑफिसातल्या नव्या कॉम्प्युटरला तसं पोर्टच नसतं. मग मधे एक लहानशी डबी बसवली जाते. तिच्या एका बाजूला आरएस-२३२ किंवा आरएस-४८५ आणि दुसऱ्या बाजूला इथरनेट असतं. कोणी तिला कन्व्हर्टर म्हणतं, कोणी डिव्हाइस सर्व्हर, कोणी गेटवे.

या डबीबद्दल वाचकांकडून दोन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. पहिला असा: ‘माहितीपत्रकात वीस प्रोटोकॉलची नावं आहेत, त्यांतलं मला नेमकं काय लागणार?’ आणि दुसरा खरेदीनंतरचा: ‘डबी पिंग होते, तिचं सेटिंगचं पान उघडतं, तरी मीटरचं रीडिंग येत नाही. बिघडलेली दिली का?’

बहुतेक वेळा डबी बिघडलेली नसते, निवड चुकलेली असते. प्रोटोकॉलची यादी लांब आहे म्हणून डबी घेऊ नका. तुमचं यंत्र काय बोलतं आणि पलीकडच्या सॉफ्टवेअरला काय समजतं, हे आधी ठरवा. डबी या दोघांमधली दुभाषी आहे आणि दुभाषी निवडण्याआधी दोन्ही बाजूंच्या भाषा ठाऊक हव्यात.

खरेदीआधी पाच गोष्टी कागदावर लिहा

दुकानदाराला फोन करण्याआधी यंत्राचं मॅन्युअल उघडा आणि पुढच्या गोष्टी टिपून ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण पुढचे दोन आठवडे वाचतात.

१. पोर्टचा प्रकार: आरएस-२३२ की आरएस-४८५? आरएस-२३२ ची केबल साधारण १५ मीटरपर्यंतच भरवशाची. आरएस-४८५ कमी वेगावर सुमारे १,२०० मीटर जाते आणि प्रमाणित हिशेबाने एका जोडीवर ३२ यंत्रं चालतात.

२. सिरियल सेटिंग: बॉड रेट, डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट. उदाहरणार्थ ९६००, ८, पॅरिटी नाही, १. यांतली एक जरी चुकली तरी कचरा अक्षरं येतात किंवा काहीच येत नाही.

३. यंत्राची भाषा: मॉडबस आरटीयू, की काट्यासारखी सरळ अक्षरांची ओळ, की कंपनीची स्वतःची पद्धत?

४. आधी कोण बोलतं: मीटर विचारल्याशिवाय बोलत नाही. बरेच काटे मात्र न विचारता सतत वजन पाठवत राहतात.

५. सॉफ्टवेअर कशाला जोडतं: त्याच्या सेटिंगमध्ये फक्त ‘कॉम पोर्ट’ विचारतात, की आयपी पत्ता आणि पोर्ट क्रमांक देता येतो? ‘मॉडबस टीसीपी’ असा पर्याय आहे का?

पाचव्या प्रश्नाच्या उत्तरावरच पुढची जवळजवळ सगळी निवड ठरते.

लांबलचक यादी तीन गटांत वाचा

माहितीपत्रकातली नावं एकसारख्या कामाची नसतात. त्यांचे तीन ढीग करा.

- पाया: आयपी, एआरपी, आयसीएमपी, डीएचसीपी, डीएनएस. नेटवर्कवर डबीचं अस्तित्व यांच्यामुळे असतं. पिंगला उत्तर देणं हे आयसीएमपीचं काम. हे जवळपास प्रत्येक डबीत असतंच, त्यामुळे त्यांच्याकडे पाहून निवड करण्यात अर्थ नाही.
- डेटा नेणारे: टीसीपी सर्व्हर, टीसीपी क्लायंट, यूडीपी, आभासी कॉम पोर्ट, आरएफसी २२१७, मॉडबस टीसीपी, एमक्यूटीटी. तुमचं रीडिंग यांच्यातल्या एखाद्यावरून जाणार. खरी निवड इथेच करायची असते.
- देखरेख करणारे: एचटीटीपी, एचटीटीपीएस, टेलनेट, एसएसएच, एसएनएमपी, एनटीपी. सेटिंग बदलणं, डबी जिवंत आहे का ते पाहणं, घड्याळ जुळवणं ही यांची कामं. सुरक्षिततेचा विचार करताना या गटाकडे नीट पाहा.

‘पिंग होतं पण रीडिंग नाही’ या तक्रारीचं उत्तर या विभागणीतच आहे. पिंग झालं याचा अर्थ पाया ठीक आहे. दुसऱ्या गटातली निवड किंवा पलीकडची सिरियल तार बरोबर आहे, असं त्यावरून सिद्ध होत नाही.

डेटा नेण्याचे मार्ग: तुमच्यासाठी कोणता?

- आभासी कॉम पोर्ट. सॉफ्टवेअर जुनं आहे आणि त्याला कॉम पोर्टशिवाय काही कळत नाही, तर हाच मार्ग. कॉम्प्युटरवर एक ड्रायव्हर टाकला की नेटवर्कवरची डबी सॉफ्टवेअरला साध्या कॉम पोर्टसारखी दिसते. तुमच्या विंडोजच्या आवृत्तीसाठी ड्रायव्हर मिळतो का, हे आधी विचारा. डबीत आरएफसी २२१७ असेल तर उत्तम. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या या खुल्या पद्धतीत बॉड रेट बदलण्याच्या सूचना आणि कंट्रोल लाइनची स्थितीही नेटवर्कवरून जाते, शिवाय एकाच कंपनीच्या ड्रायव्हरवर अवलंबून राहावं लागत नाही.

- टीसीपी सर्व्हर. डबी ठरलेल्या पोर्टवर वाट पाहत बसते आणि सॉफ्टवेअर तिला जोडून घेतं. एकाच इमारतीतल्या नेटवर्कसाठी हा सोपा आणि समजायला सरळ मार्ग.

- टीसीपी क्लायंट. इथे डबी स्वतःहून सर्व्हरला जोडते. दूरच्या पंपहाऊसमध्ये सिमकार्डचा राउटर असेल तर हाच पर्याय बहुधा चालतो. मोबाइल सिमला सहसा स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता नसतो, त्यामुळे बाहेरून डबीपर्यंत पोहोचता येत नाही. डबीला मात्र बाहेर जाता येतं.

- यूडीपी. जोडणी नाही, पोच नाही. एकच माहिती अनेक ठिकाणी पाठवायची असेल, एखादा संदेश हरवला तरी पुढच्या सेकंदाला नवा येणार असेल, उदाहरणार्थ मोठे डिस्प्ले बोर्ड, तिथे ठीक. वजन किंवा बिलाशी संबंधित माहितीसाठी यूडीपी घेऊ नका.

- मॉडबस टीसीपी गेटवे. मीटर, व्हीएफडी, तापमान नियंत्रक अशी मॉडबस आरटीयू यंत्रं असतील आणि स्काडाला, म्हणजे देखरेख-नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरला, मॉडबस टीसीपी कळत असेल तर थेट हा मोड घ्या.

- एमक्यूटीटी. रीडिंग क्लाउडवर पाठवायचं असेल तरच याचा विचार करा. डबी स्वतः मॉडबसची रजिस्टरं वाचून संदेश तयार करते, की नुसते कच्चे बाइट पुढे ढकलते, हे लेखी विचारून घ्या. दोन्हींना विक्रेते ‘एमक्यूटीटी आहे’ असंच म्हणतात.

सगळ्यात मोठी गल्लत: मॉडबस टीसीपी आणि ‘टीसीपीवरून आरटीयू’

मॉडबस १९७९ साली मॉडिकॉन कंपनीने आणलं. त्याचं सिरियल रूप म्हणजे आरटीयू. नेटवर्कवरचं मॉडबस टीसीपी नंतर आलं. विचारण्याचा आशय तोच, पण पाकिटं वेगळी.

समजा पहिल्या क्रमांकाच्या मीटरकडून सुरुवातीची दोन रजिस्टरं हवी आहेत. आरटीयूत हा प्रश्न ८ बाइटचा होतो: १ बाइट मीटरचा पत्ता, ५ बाइटचा प्रश्न आणि शेवटी चूक पकडण्यासाठी २ बाइटचा सीआरसी. मॉडबस टीसीपीत तोच प्रश्न १२ बाइटचा होतो: आधी ७ बाइटचं शीर्षक, मग तेच ५ बाइट. सीआरसी नसतो, कारण ते काम खालचे थर करतात.

आता डबी साध्या टीसीपी सर्व्हर मोडमध्ये ठेवली आणि सॉफ्टवेअर मॉडबस टीसीपी बोललं, तर ते १२ बाइट जसेच्या तसे मीटरकडे जातात. मीटरला त्यांत सीआरसी जुळताना दिसत नाही आणि तो गप्प बसतो. तुम्हाला दिसतं फक्त ‘टाइमआउट’.

म्हणून दोन्ही बाजू अशा जुळवा:

- सॉफ्टवेअरमध्ये मॉडबस टीसीपी निवडलं असेल तर डबीत मॉडबस गेटवे मोड. पोर्ट ५०२.
- सॉफ्टवेअरमध्ये टीसीपीवरून आरटीयू (म्हणजे आरटीयूचं पाकीट जसंच्या तसं टीसीपीवरून) निवडलं असेल तर डबीत टीसीपी सर्व्हर मोड.
- सॉफ्टवेअरमध्ये कॉम पोर्टवरचं आरटीयू असेल तर आभासी कॉम पोर्ट.

पर्याय असेल तर गेटवे मोडच घ्या. त्याचा आणखी एक फायदा आहे. दोन कॉम्प्युटर एकाच वेळी रीडिंग मागत असतील तर गेटवे त्यांचे प्रश्न रांगेत लावतो आणि ज्याचं उत्तर त्याला देतो. साध्या टीसीपी मोडमध्ये ही रांग नसते. दोघांचे प्रश्न एकाच तारेवर आदळतात आणि उत्तरं एकमेकांकडे जातात.

तार जोडल्यापासून पहिल्या रीडिंगपर्यंत

घाई न करता या क्रमाने जा. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

१. एका वेळी एकच नवी डबी नेटवर्कला जोडा. एकाच मॉडेलच्या सगळ्या डब्या बहुधा एकाच आयपी पत्त्यावर येतात. दोन एकदम जोडल्या की पत्ते भांडतात.

२. पत्ता कायमचा ठरवा. डीएचसीपीवर सोडलेल्या डबीचा पत्ता वीज जाऊन आल्यावर बदलू शकतो आणि सॉफ्टवेअर जुन्याच पत्त्यावर शोधत राहतं. स्थिर पत्ता द्या किंवा राउटरमध्ये तो राखून ठेवा. कॉम्प्युटरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला डीएचसीपीकडून पत्ताच मिळालेला नाही असं समजा.

३. पिंग करा. उत्तर आलं नाही तर केबल, स्विच आणि सबनेट मास्क तपासा. तांब्याच्या इथरनेट केबलची मर्यादा १०० मीटर.

४. यंत्राशिवाय डबी तपासा. आरएस-२३२ च्या नऊ पिनांच्या कनेक्टरमधल्या २ आणि ३ क्रमांकाच्या पिना तात्पुरत्या एकत्र जोडा. टर्मिनल सॉफ्टवेअरने डबीच्या टीसीपी पोर्टला जोडून काही अक्षरं टाइप करा. तीच परत आली तर नेटवर्क आणि डबी दोन्ही ठीक आहेत.

५. मग यंत्र जोडा. आरएस-२३२ मध्ये काही येत नसेल तर केबल सरळ हवी की उलटसुलट, ते पाहा. आरएस-४८५ मध्ये ए आणि बी या खुणा सगळे उत्पादक सारख्या लावत नाहीत. उत्तर येत नसेल तर दोन तारा एकदा अदलाबदल करून बघा, त्याने नुकसान होत नाही. लांब लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावा, मधल्या यंत्रांना नाही.

६. एका यंत्राने सुरुवात करा. तीस मीटर एकदम जोडून चूक शोधणं अवघड. एक बोलला की दुसरा जोडा.

कुठे फसतं

- तुटलेलं वजन. टीसीपी म्हणजे वाहता नळ. बाइट क्रमाने येतात, पण ओळ कुठे संपली हे टीसीपी सांगत नाही. काट्याने पाठवलेलं १८४६० दोन तुकड्यांत आलं आणि सॉफ्टवेअरने पहिलाच तुकडा उचलला, तर नोंद १८४६ अशी होऊ शकते. हा कोणाच्या तरी उसाचा पैसा आहे. डबीत ‘डिलिमिटर’ म्हणजे ओळ संपल्याची खूण भरा, म्हणजे पूर्ण ओळ जमल्यावरच ती पुढे जाईल. सॉफ्टवेअरवाल्यालाही स्पष्ट सांगा की शेवटची खूण येईपर्यंत वजन वाचायचं नाही. दोन्ही हवं, एकाने भागत नाही.

- वीज आली, पण जोडणी येत नाही. कॉम्प्युटर अचानक बंद पडला तर डबीला ते कळत नाही. जुनी जोडणी चालू आहे असं समजून ती नवीला नकार देते. डबीतला ‘कीप अलाइव्ह’चा वेळ एक-दोन मिनिटांवर आणा. कॉम्प्युटरच्या बाजूची मूळ मुदत सहसा दोन तासांची असते, तीही तपासा.

- हळू रीडिंग. ९६०० बॉडला एक अक्षर जायला साधारण १ मिलिसेकंद लागतो. वीस रजिस्टरांचा प्रश्न आणि उत्तर मिळून ५३ बाइट, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंद. तीस मीटरना जेमतेम दोन सेकंद, वर मीटरचा विचार करण्याचा वेळ. पण त्यातले पाच मीटर बंद असतील आणि सॉफ्टवेअर प्रत्येकाला एक-एक सेकंदाचे तीन प्रयत्न देत असेल, तर प्रत्येक फेरीत १५ सेकंद वाया जातात. बंद मीटर यादीतून काढा.

- सीएनसीत हरवलेली अक्षरं. मोठा प्रोग्रॅम पाठवताना मशीन मधेच ‘थांब’ म्हणते. ही सूचना डबीने स्वतः पाळायला हवी. मशीन एक्सऑन-एक्सऑफ वापरत असेल तर डबीच्या सिरियल सेटिंगमध्येही तेच चालू करा, आरटीएस-सीटीएस असेल तर ते. प्रोग्रॅममधलं एक अक्षर गळालं तरी टूल भलतीकडे जाऊ शकतं. पहिला प्रोग्रॅम मशीनमधून परत मागवून मूळ प्रतीशी ताडून पाहा, मगच जॉब लावा.

डबी लहान आहे म्हणून दुर्लक्ष नको

२३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधल्या वीजवितरण कंपन्यांवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. हल्लेखोरांनी उपकेंद्रांतल्या अशाच सिरियल-इथरनेट कन्व्हर्टरचं फर्मवेअर पुसून टाकलं. मग नियंत्रण कक्षातून ब्रेकर चालू करता येईनात. माणसांना उपकेंद्रांवर जाऊन हाताने वीज जोडावी लागली.

तुमच्याकडे एवढं करा:

- मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.
- टेलनेट बंद करा, सेटिंगसाठी एचटीटीपीएस किंवा एसएसएच वापरा. टेलनेट आणि साध्या एचटीटीपीत पासवर्ड उघडा जातो.
- मॉडबस टीसीपीत पासवर्ड ही गोष्टच नाही. पोर्ट ५०२ राउटरवरून इंटरनेटला कधीही उघडू नका. बाहेरून बघायचं असेल तर व्हीपीएन घ्या.
- डबीला कोणत्या आयपी पत्त्यांनी जोडायचं याची यादी भरता येते, ती भरा.
- एसएनएमपी वापरत नसाल तर बंद करा. वापरत असाल तर ‘पब्लिक’ हा मूळ शब्द बदला.

तुमचे हक्क आणि जबाबदाऱ्या

- हेतू लिहून द्या. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ नुसार, वस्तू कशासाठी हवी हे तुम्ही विक्रेत्याला कळवलं, त्याच्या जाणकारीवर विसंबलात आणि तो त्याच वस्तूंचा व्यापार करत असेल, तर ती त्या कामाला योग्य असण्याची अट कायद्यानेच लागू होते. मात्र नुसतं ब्रँड किंवा मॉडेलच्या नावाने ऑर्डर दिली तर हे संरक्षण निसटू शकतं. म्हणून खरेदी आदेशात लिहा: ‘अमुक मीटर, आरएस-४८५, मॉडबस आरटीयू, स्काडाशी मॉडबस टीसीपीने जोडण्यासाठी. प्रत्यक्ष रीडिंग आल्यावरच माल स्वीकारला असं समजलं जाईल.’

- ग्राहक आयोगाचं दार. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये व्यापारी हेतूने केलेली खरेदी येत नाही. पण स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून चालवलेल्या कामाला घेतलेली वस्तू येते. एकट्याने वर्कशॉप चालवणाऱ्यांनी पक्कं बिल जपून ठेवावं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

- काट्याचं सील. बाहेरच्या पोर्टला केबल लावायला इंडिकेटर उघडावा लागत नाही. तंत्रज्ञ ‘आतून तार काढतो’ म्हणाला तर थांबवा. वैधमापन शास्त्र विभागाचं सील तुटलं की फेरपडताळणी करून घेणं भाग पडतं.

- हल्ला झाल्यास. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची असते. स्काडा आणि औद्योगिक यंत्रणांवरचे हल्ले त्या यादीत आहेत. नोंदी १८० दिवस ठेवायच्या असतात, म्हणून डबीत एनटीपी असेल तर घड्याळ जुळवून ठेवा. चुकीच्या वेळेची नोंद पुरावा म्हणून कमी पडते.

शेवटची पायरी: पॅनलच्या दारात एक कागद

काम झालं की एका कागदावर डबीचा आयपी पत्ता, मोड, पोर्ट क्रमांक, सिरियल सेटिंग, ए-बी तारांचे रंग आणि प्रत्येक यंत्राचा क्रमांक लिहा आणि पॅनलच्या दाराच्या आतून चिकटवा. पासवर्ड तिथे नको, तो वेगळा जपा. सेटिंगची फाइल डबीतून उतरवून घ्या आणि कॉम्प्युटरबाहेरही तिची एक प्रत ठेवा. वजनकाटा असेल तर पहिला आठवडा रोज काही गाड्यांचं इंडिकेटरवरचं वजन पावतीवरच्या वजनाशी ताडून पाहा आणि ती वही जपून ठेवा.

सेटिंग करून देणारा तंत्रज्ञ उद्या दुसऱ्या गावी असेल, आणि डबी बंद पडेल ती नेमकी ऐन हंगामात, फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना. त्या रात्री पाळीवर असलेल्या माणसाला हा कागद वाचून नवी डबी बसवता आली पाहिजे.